आकड्यासोबत कारणही छापा : नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या परीक्षकांना खुलं पत्र

ग्रेडिंग संस्थांमधल्या सर्व परीक्षकांना,

सप्रेम नमस्कार.

नाणं हातात घेतल्यावर तुम्ही काय काय पाहता, हे आम्हा संग्राहकांना साधारण ठाऊक आहे. झीज किती झाली, छाप कशी उतरली, लस्टर (मूळ चमक) शाबूत आहे का, खुणा कुठे पडल्यात, आधी कुणी पुसलं-घासलं आहे का, रंग आपसूक चढलाय की चढवलाय. हे सगळं तुम्ही पाहता, मनात तोलता, आणि लेबलवर छापता एक ते सत्तरमधला एकच आकडा. ६३. किंवा ६५. तो तोच का, हे स्लॅबवर, म्हणजे तुमच्या सीलबंद डबीवर, कुठेच नसतं. आमचं मागणं एवढंच आहे की आकडा द्या, पण त्यामागचं कारणही छापा.

तुमच्या कामाचं मोल आम्हाला कळतं, हे आधीच सांगतो. तुम्ही नव्हता तेव्हा विकणारा सांगेल ती प्रत. विकताना नाणं ‘जेम’ असायचं, आणि तेच परत घ्यायची वेळ आली की ‘बरं आहे, पण...’ व्हायचं. १९१६ च्या साध्या डाइमवर (अमेरिकेच्या दहा सेंटच्या नाण्यावर) डेन्व्हर टांकसाळीची खूण असलेलं ‘डी’ अक्षर चिकटवून तो डेन्व्हरचा म्हणून खपवणारे होते आणि आहेतही. डेन्व्हरला त्या साली फक्त २,६४,००० डाइम पाडले गेले, त्यामुळे त्या एका अक्षरात सगळं आलं. १८९३ चा सॅन फ्रान्सिस्कोचा मॉर्गन डॉलर (चांदीचं अमेरिकी नाणं; पुढे स्वातंत्र्यदेवी लिबर्टीचा चेहरा, मागे गरुड) एक लाखच निघाला. त्याचीही तीच गत. पीसीजीएस ही ग्रेडिंग संस्था १९८६ मध्ये आणि एनजीसी ही दुसरी १९८७ मध्ये सुरू झाल्यापासून सीलबंद डबीतलं नाणं खरं आहे एवढा तरी विश्वास धरता येतो. खोटं ओळखण्यात तुमचा हात धरणारे फार थोडे. माझी तक्रार त्याच्या पुढच्या पायरीबद्दल आहे.

ही सत्तरची मोजपट्टी आली कुठून, ते एकदा पाहायला हवं. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी ती मांडली, आणि तीही अमेरिकेच्या सुरुवातीच्या मोठ्या तांब्याच्या सेंटपुरती. कल्पना सरळ होती: कसंबसं ओळखू येणारं नाणं १, आणि टांकसाळीतून निघाल्यासारखं निर्दोष नाणं ७०, कारण त्याला पहिल्याच्या सत्तरपट किंमत मिळते. म्हणजे हा आकडा मुळात दर काढण्याचा गुणक होता. बाजार हलला तसं ते गणित मोडलं. आकडे तेवढे उरले, आणि १९७० च्या दशकात अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने तीच पट्टी चांदी, सोनं, निकेल, सगळ्याच नाण्यांना लावली. (शेल्डन पेशाने मानसशास्त्रज्ञ, माणसांच्या शरीरांचीही त्यांनी अशीच आकड्यांत वर्गवारी केली होती. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली उत्तम सेंट नाणी काढून त्या जागी स्वतःची हलकी नाणी ठेवल्याचं त्यांच्या मृत्यूनंतर उघडकीस आलं. प्रतीतला फरक त्यांना नेमका कळत होता, यात शंका नाही.)

तर ज्या आकड्याचा जन्म एका जातीच्या नाण्यांचा दर ठरवण्यासाठी झाला, त्याच्याकडून आज आपण झीज, छाप, लस्टर, खुणा आणि देखणेपणा या पाच वेगळ्या गोष्टी एकदम सांगण्याची अपेक्षा करतो. त्या पाच गोष्टी एकमेकींच्या हातात हात घालून चालत नाहीत, सगळी अडचण तिथे आहे.

झीज आणि छाप यांचंच घ्या. मॉर्गन डॉलरवर लिबर्टीच्या कानावरचे केस हा सगळ्यात उंच भाग. झीज तिथेच आधी दिसते, आणि कमकुवत छापही तिथेच दिसते. ठसा पुरेशा जोराने बसला नाही, तर धातू ठशातल्या त्या खोलगट भागात पूर्ण चढत नाही आणि केस सपाट राहतात. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीच्या कित्येक मॉर्गन डॉलरांची हीच कथा आहे. वरवर पाहणाऱ्याला ते नाणं वापरलेलं वाटतं. तिरपं धरून दिव्याखाली फिरवलं, की त्या सपाट भागावरून प्रकाश अडखळल्याशिवाय सरकतो. मूळ चकतीवरचे बारीक टोचे ठोकले न गेल्यामुळे तसेच राहिलेले दिसतात. झिजलेल्या नाण्यावर तसं होत नाही. तिथे उंचवट्यावर चमक तुटते, एक मळकट करडा डाग दिसतो आणि प्रकाश त्याला वळसा घालून पुढे जातो.

हा फरक तुम्ही क्षणात ओळखता. पण लेबलवर काय येतं? न्यू ऑर्लिन्सचा सपाट केसांचा, पण कधीही खिशात न गेलेला डॉलर आणि १८८१ चा सॅन फ्रान्सिस्कोचा केस न केस उमटलेला, पण गालावर दोन-चार टोले खाल्लेला डॉलर, दोघांवरही ‘एमएस ६३’ (एमएस म्हणजे मिंट स्टेट, न वापरलेलं) असू शकतं. दोन नाण्यांमधला दोष वेगळा, कारण वेगळं, त्यांना घेणारा माणूसही बहुधा वेगळा. छापेला महत्त्व देणारा पहिल्याला हात लावणार नाही. स्वच्छ गाल हवा असलेला दुसरं परत करील. त्यांना हे डबी हातात येईपर्यंत कळत नाही, आणि आता तर बहुतेक खरेदी फोटो बघूनच होते.

लस्टरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नव्या संग्राहकांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो आणि एका आकड्याने तो वाढतो. लस्टर म्हणजे नुसती चकाकी नाही. ठशाच्या दाबाखाली धातू मध्यापासून कडेकडे वाहतो आणि त्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. दिव्याखाली नाणं गोल फिरवलं की त्या रेषांमुळे उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. म्हणूनच त्याला ‘कार्टव्हील’ म्हणतात. घासून पॉलिश केलेलं नाणं कितीही चकाकलं तरी हे पट्टे फिरत नाहीत, कारण रेषाच उरलेल्या नसतात.

आता मूळ लस्टर असलेल्या नाण्यावर काळवंडी आली आणि कुणी ते आम्लयुक्त थायोयुरियाच्या द्रावणात बुडवून काढलं, तर काळेपणा जातो, पण त्यासोबत धातूचा अगदी पातळ थरही जातो. एकदा बुडवलं तर बहुतेकदा कळतही नाही. पुन्हा पुन्हा बुडवलं तर रेषा बोथट होतात आणि नाणं पांढरंफटक, पण मेलेलं दिसू लागतं. अशी नाणी ६४ च्या डब्यांमध्ये भरपूर आहेत. ती झिजलेली नाहीत, त्यांच्यावर टोले नाहीत, छापही चांगली आहे. फक्त अंगातला जीव गेलाय. उलट गडद तपकिरी-निळ्या टोनिंगखाली (काळाने चढलेल्या रंगाखाली) पूर्ण जिवंत लस्टर असलेलं नाणंही ६४ च असतं, आणि फोटोत ते पहिल्यापेक्षा कळकट दिसतं. ज्याला हा फरक माहीत नाही तो पांढरं नाणं उचलतो. तुम्हाला माहीत असतो. मग लेबलवर ‘लस्टर क्षीण’ किंवा ‘लस्टर पूर्ण’ एवढे दोन शब्द छापायला काय हरकत आहे?

टोनिंगचंही तसंच. चांदीवर सल्फाइडचा थर चढत जातो तसे रंग ठरावीक क्रमाने येतात: आधी फिका सोनेरी, मग लालसर-जांभळा, मग निळा, आणि थर वाढला की पुन्हा पिवळ्यापासून. नैसर्गिक टोनिंगमध्ये हे रंग एकातून एक उगवतात. सोनेरीच्या लगतच एकदम निळा आला, मधला टप्पाच नाही, तर संशय घ्यायला जागा असते. गॅसवर किंवा रसायनाने घाईत आणलेला रंग बऱ्याचदा इथेच पकडला जातो. हे तुम्ही तपासता, आम्ही मान्य करतो. पण ‘रंग संशयास्पद’ ठरवून नाणं बाजूला काढताना जे कारण तुमच्या डोळ्यांसमोर असतं, ते नाणं पाठवणाऱ्याला कळत नाही. त्यामुळे शिकणंही होत नाही.

खुणांबद्दल मात्र आपल्यात फारसा वाद नसावा. मॉर्गन डॉलर हजार-हजारच्या थैल्यांमध्ये भरून तिजोरीत वर्षानुवर्षं पडून राहिले, एकमेकांवर आपटले, खुणा असणारच. किती आहेत यापेक्षा कुठे आहेत हे महत्त्वाचं. केसांच्या वळणात लपलेला टोला कुणी मोजत नाही, तोच गालाच्या मधोमध असला की नाण्याचा चेहराच बिघडतो. पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा जास्त धरली जाते, हाही अलिखित नियम. पण तो अलिखितच का राहावा? एएनएसीएस ही ग्रेडिंग संस्था जेव्हा फोटो-प्रमाणपत्र द्यायची, तेव्हा दोन्ही बाजूंची प्रत वेगळी लिहायची: पुढची ६३, मागची ६५. वाचणाऱ्याला एका ओळीत कळायचं की गाल मार खाल्लेला आहे आणि गरुड स्वच्छ आहे. ती पद्धत सोडून आपण काय कमावलं, हे मला आजवर कळलेलं नाही.

एक बारीक गोष्ट, पण नव्या माणसाला इथे फार फसायला होतं. पृष्ठभागावर बारीक समांतर रेषा दिसल्या की तो घाबरतो: नाणं पुसलंय! काही वेळा त्या रेषा ठशाला पॉलिश केल्याच्या असतात. अशा रेषा नाण्यावर उठावात येतात, मोकळ्या सपाटीवर असतात आणि अक्षराशी किंवा आकृतीशी येऊन थांबतात. कपड्याने पुसल्याचे ओरखडे आत खोदलेले असतात आणि सपाटीवरून सरळ अक्षरावर चढून पलीकडे जातात. एकच दिवा वरून, खोलीत बाकी अंधार, पाचपट भिंग, आणि नाणं हळूहळू गोल फिरवायचं. ओरखडे एका कोनात अचानक पेटतात आणि पुढच्या कोनात गायब होतात. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात ते दिसतही नाहीत, आणि विक्रीचे फोटो बऱ्याचदा अशाच पसरट उजेडात काढलेले असतात. प्रूफ, म्हणजे पॉलिश केलेल्या ठशांनी खास पाडलेल्या नाण्यांच्या आरशासारख्या पृष्ठभागावर तर ६३ आणि ६६ मधला फरक मुख्यतः या ओरखड्यांचाच असतो. मग प्रूफच्या लेबलवर तेवढं लिहिलं तर कुणाचं काय बिघडेल?

५८ हा आकडा या सगळ्यावर सगळ्यात चांगला भाष्यकार आहे. एयू (अबाउट अनसर्क्युलेटेड, जवळजवळ न वापरलेलं) ५८ म्हणजे उंचवट्यावर पुसटसं घर्षण. बाकी सगळं तसंच. लाकडी कपाटाच्या खणात नाणी उघडी ठेवायची जुनी पद्धत होती. खण ओढला-ढकलला की नाणं किंचित सरकायचं आणि गालावर पुसट घासायचं. असं नाणं कधी बाजारात फिरलेलं नसतं, त्यावर थैलीतले टोले नसतात, लस्टर जवळजवळ पूर्ण असतं. मोजपट्टीवर ते ६१ च्या खाली. ६१ म्हणजे काय, तर झीज नाही, पण अंगभर मार, लस्टर फिकं. दोन्ही शेजारी ठेवून कुणालाही विचारा, तो ५८ उचलेल. तुम्हीही उचलाल. बाजारालाही हे माहीत आहे, म्हणून देखण्या ५८ ला बऱ्याचदा ६१ पेक्षा जास्त मागणी असते, आणि त्यातली काही नाणी ‘घर्षण साठवणुकीचं आहे’ या समजुतीने ६२ किंवा ६३ होऊन बाहेर येतात. इथे पट्टी उलटी फिरते. चढत्या आकड्यासोबत नाणं चांगलं होत जायला हवं. ५८ पाशी ते होत नाही, कारण ५८ पर्यंत आकडा झीज मोजतो आणि ६० पासून पुढे तो दुसरंच काहीतरी मोजू लागतो.

ही कोंडी तुम्हाला कळत नाही असं नाही. म्हणून तर गेली काही वर्षं आकड्याभोवती जोडकाम चाललंय. २०१० मध्ये ‘प्लस’ आलं, म्हणजे त्याच आकड्यातलं जरा वरचं. त्याआधी २००७ मध्ये सीएसी ही तुमचे आकडे पडताळणारी संस्था आली: तुमच्या डबीवर हिरवं स्टिकर म्हणजे आकडा पक्का, सोनेरी म्हणजे नाणं आकड्यापेक्षाही चांगलं. आकडा खरा आहे का हे सांगायला वेगळी संस्था लागते, यातच सगळं आलं. पुढे २०२३ मध्ये सीएसीने स्वतःचं ग्रेडिंगही सुरू केलं. एनजीसीने २०२२ मध्ये अलीकडच्या नाण्यांसाठी सत्तरची पट्टी दहावर आणून पाहिली. हे सगळं ‘किती’ याचीच आणखी बारीक उत्तरं आहेत. ‘का’ ला कुणी हात घातलेला नाही. रक्त तपासायला दिलं आणि अहवालात ‘६४’ एवढंच लिहून आलं, तर आपण तो कागद परत करू. साखर किती, हिमोग्लोबिन किती, हे वेगळं हवं असतं, कारण उपाय त्यावर ठरतो.

वेगळं लिहिणं तुम्हाला जमत नाही, असंही नाही. तुम्ही ते करताच, पण तुकड्यातुकड्याने. तांब्याच्या नाण्यावर तुम्ही लाल, लाल-तपकिरी की तपकिरी हे स्पष्ट छापता, कारण तांब्यात रंगाने सगळा फरक पडतो. मर्क्युरी डाइमवर पट्ट्या पूर्ण उमटल्या असतील तर ते लिहिता, फ्रँकलिन अर्ध्या डॉलरवर घंटेच्या रेषा, जेफरसन निकेलवर पायऱ्या, स्टँडिंग लिबर्टी क्वार्टरवर डोकं. म्हणजे छाप आकड्यात मावत नाही हे तुम्ही कधीच कबूल केलंय. फक्त ते एका ठिकाणापुरतं कबूल केलंय. स्टँडिंग लिबर्टीचं डोकं पूर्ण उमटलेलं असतं आणि ढालीवरचे रिव्हेट सपाट असतात; लेबल डोक्याचं कौतुक करतं आणि ढालीबद्दल मौन पाळतं. त्या एका शेऱ्यासाठी लोक जास्तीचे पैसे मोजतात, आणि बाकी नाण्याची छाप कशी आहे ते त्यांना कुणी सांगत नाही.

प्राचीन नाण्यांच्या बाबतीत तर तुमच्यातल्याच एकाने हे काम पूर्ण करून दाखवलंय. एनजीसी प्राचीन नाण्यांच्या लेबलवर झिजेची प्रत शब्दांत देते, त्याखाली छाप पाचपैकी किती आणि पृष्ठभाग पाचपैकी किती हे वेगळं देते, आणि ठसा कोरणाऱ्याचा हात विशेष असेल तर तेही नोंदवते. त्यांना दुसरा मार्गच नव्हता. हाताने ठोकलेलं नाणं एका आकड्यात बसतच नाही. अथेन्सच्या घुबडाच्या चतुर्द्रम्मावर अथेनाच्या शिरस्त्राणाचा तुरा बहुतेक वेळा चकतीबाहेरच जातो. तुरा पूर्ण आलेलं, पण थोडं झिजलेलं नाणं, तुरा कापलेल्या कोऱ्या नाण्यापेक्षा अनेकांना प्रिय. मुघल रुपयाचा ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच उतरतो. टांकसाळीचं नाव आणि साल दिसतंय की नाही, हे तिथे झिजेच्या आधी विचारलं जातं. जे दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाण्यासाठी जमतं, ते यंत्राने पाडलेल्या नाण्यासाठी का जमू नये? यंत्राची छाप समान असते म्हणावं, तर वर न्यू ऑर्लिन्सचं उदाहरण दिलंच आहे.

‘डिटेल्स’ प्रकाराबद्दल, म्हणजे सदोष नाण्याला आकड्याऐवजी मिळणाऱ्या शेऱ्याबद्दल, माझं मत जरा कडक आहे. सदोष नाणं पूर्वी प्लास्टिकच्या साध्या पाकिटात परत यायचं. आता डबीत बसून येतं आणि लेबलवर ‘साफ केलेलं’ वगैरे लिहिलेलं असतं. सुधारणा आहे, नाकारत नाही. पण त्या एका शब्दाखाली काय काय दडतं ते बघा. पूर्वीच्या कुणा मालकाने मऊ फडक्याने एकदा पुसलेलं आणि त्यानंतर वर्षानुवर्षं शांतपणे पुन्हा रंगलेलं नाणं; आणि तारेच्या फिरत्या ब्रशने खोटी चमक आणलेलं नाणं. पहिलं कित्येक संग्राहक आनंदाने ठेवतील. दुसऱ्याकडे पाहवत नाही. खरोखर दुर्मीळ नाण्यांच्या बाबतीत हा फरक जीवघेणा आहे. ज्या नाण्याचे मूठभर नगच उरलेत, तिथे माणूस दोषासकट घ्यायला तयार असतो. त्याला फक्त दोष केवढा आणि कुठल्या बाजूला, हे हवं असतं.

त्याच्या उलटही होतं. टांकसाळीतलाच दोष नुकसान म्हणून वाचला जातो. अठराव्या शतकात चकती जड भरली तर ठोकण्याआधी कानसीने घासून वजन बरोबर करायचे. ते चरे ठोकल्यानंतरही नाण्यावर राहतात. १७९४ च्या अमेरिकी डॉलरांपैकी सगळ्यात प्रसिद्ध नाणं, ज्याला पीसीजीएसने एसपी (स्पेसिमेन, खास पाडलेलं) ६६ दिलंय, त्याच्यावर असे चरे आहेत आणि वजन वाढवायला मधोमध ठोकलेला चांदीचा खिळाही आहे. ते चरे कुणी नुकसान म्हणत नाही, आणि योग्यच आहे. पण हा न्याय जगप्रसिद्ध नाण्यापुरता राहू नये. त्याच काळातल्या साध्या नाण्यावर ‘चरे ठोकण्यापूर्वीचे’ एवढं लिहिलं, तर घेणाऱ्याची झोप उडणार नाही.

आता तुमची बाजू. वेळ नाही, हे तुमचं पहिलं उत्तर असेल. एका नाण्यासाठी तुम्हाला फार वेळ मिळत नाही, हे आम्हाला कळतं. पण कारण तर तुमच्या मनात आधीच तयार असतं. ते असल्याशिवाय आकडा कसा ठरतो? दोन परीक्षक स्वतंत्रपणे पाहतात आणि तिसरा शेवटचा शब्द देतो, तेव्हा प्रत्येकाने चार खाने भरायचे आहेत, निबंध लिहायचा नाही.

दुसरं उत्तर, जे तुम्ही बोलून दाखवणार नाही: कारणं छापली की मतभेद उघडे पडतील. पडतीलच. तेच नाणं डबी फोडून पुन्हा पाठवलं आणि ६४ चं ६५ होऊन आलं, हे आजही घडतं, सगळ्यांना माहीत आहे, आणि काहींचा तो धंदाच आहे. १९९० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसच्या जाहिरातींमधल्या वस्तुनिष्ठपणाच्या दाव्यांवर आक्षेप घेतला होता आणि ते प्रकरण तडजोडीने मिटलं. त्याच सुमारास संगणकाकडून प्रत ठरवून घेण्याचा प्रयोगही झाला. तो टिकला नाही. प्रत हे जाणकाराचं मत आहे, मोजमाप नाही. आम्हाला हे चालतं. मत बदलू शकतं. पण आज ६४ चं ६५ झालं तर काय बदललं, हे कुणालाच कळत नाही. कारणं छापलेली असतील तर निदान दिसेल की आधीच्या परीक्षकाने लस्टर तीन धरलं आणि नंतरच्याने चार. त्यावर बोलता येईल. नुसत्या आकड्याशी कुणी काय वाद घालणार?

याच फोडाफोडीमुळे तुमच्या पॉप्युलेशन रिपोर्टचीही (कुठल्या प्रतीची किती नाणी तपासली त्या यादीची) अवस्था बिकट आहे. एकच नाणं तीनदा पाठवलं आणि जुनी लेबलं परत आली नाहीत, तर यादीत तीन नाणी दिसतात. ‘या प्रतीची फक्त अमुक नाणी’ असं वाचून पैसे मोजणाऱ्याला हे माहीत असायला हवं. फुगवटा त्याच पायरीवर जास्त असतो जिथे एका आकड्याने किमतीत मोठी उडी पडते, कारण तिथेच पुन्हा पाठवण्याचा मोह जास्त.

माझ्या संग्राहक मित्रांनाही जाता जाता एक सांगायचं आहे. तुमच्यातले काही लोक डबीतलं नाणं बघतच नाहीत, लेबल बघतात. सगळ्यात वरची प्रत आपल्याकडे असावी या हट्टापायी लाखोंनी पाडलेल्या नाण्याचं ६८ घेतात आणि खरंच दुर्मीळ, पण व्हीजी (व्हेरी गुड, बरंच झिजलेलं) प्रतीचं नाणं सोडून देतात. ज्या १८९३ च्या डॉलरचा उल्लेख वर केला, तो बहुतेक झिजलेलाच मिळतो. त्यातही एकसारख्या करड्या, कधीही न घासलेल्या अंगाचा एखादा सापडला तर त्यावरचा लहान आकडा पाहून तोंड फिरवू नका. परीक्षकांनो, अशा नाण्याच्या लेबलवर तुम्ही ‘पृष्ठभाग मूळ’ हे दोन शब्द छापलेत, तर ते तोंड फिरवणं थोडं कमी होईल.

मागणी नेमकी सांगतो. सगळी नाणी एकदम नकोत. मॉर्गन डॉलरपासून सुरुवात करा. सगळ्यात जास्त पाहिलेलं नाणं तेच, मतभेदही तिथेच सगळ्यात लवकर कळतील. आकडा आहे तिथेच राहू द्या. त्याखाली छाप, लस्टर आणि खुणा पाचपैकी किती, पुढची-मागची बाजू वेगळी. आकडा ज्या एका दोषामुळे खाली आला तो दोष शब्दांत: ‘गालावर टोला’, ‘कानावर छाप कमकुवत’, ‘बुडवल्याने लस्टर क्षीण’. डिटेल्स असेल तर दोष कुठल्या बाजूला आणि हलका, मध्यम की भारी. नाणं आधीच्या डबीतून काढून आलं असल्याचं तुम्हाला कळलं असेल तर तेही.

लेबलवर जागा नाही, असं म्हणू नका. डबीच्या मागच्या बाजूला तुमचं बोधचिन्ह आणि होलोग्राम ऐसपैस बसलेले असतात. ते थोडे आकसले, तर या चार ओळी सहज मावतील.

आपला,
एक नाणेसंग्राहक